दशावतारात जर्मन सरदार: हेन्री सिंहाचं आख्यान कसं लावाल

नवं आख्यान लावायचं म्हटलं की मंडळात पहिला प्रश्न ठरलेला, "ह्यां पुराणात आसा काय?" उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही. हा माणूस बाराव्या शतकातला, जर्मनीतला. नाव हेन्री, लोक म्हणत हेन्री सिंह. सॅक्सनी आणि बव्हेरिया अशा दोन मोठ्या प्रांतांचा ड्यूक. ज्या आतेभावाला, म्हणजे पुढे बादशहा झालेल्या फ्रेडरिकला, गादीवर बसवायला त्याने हातभार लावला, त्याच्याच हाकेला पुढे ओ दिली नाही आणि दोन्ही प्रांत घालवून बसला. भाऊबंदकी आहे, मानपान आहे, कोर्टकचेरी आहे. तळकोकणातल्या प्रेक्षकाला आणखी काय हवं?

मी कुडाळ तालुक्यात शाळेत इतिहास शिकवला आणि दिवाळी सरली की रात्री हौशी मंडळात पायपेटी वाजवली. त्यामुळे पुढचं अर्धं फळ्यावरचं आहे, अर्धं रंगपटातलं.

आधी जागेचं. जत्रेच्या रात्री हे लावू नका. देवळापुढचा दहीकालो, म्हणजे जत्रेतला दशावतार, देवाचा, तिथे लोकांना देव-दैत्यांची लढाई हवी असते आणि ती त्यांना मिळायलाच हवी. गणपतीतली एखादी रात्र, शाळेचं स्नेहसंमेलन, स्पर्धा, अशा ठिकाणी लावा. पूर्वरंगाला मात्र हात लावायचा नाही. गणपती येणार, ऋद्धी-सिद्धी नाचणार, सरस्वती येणार, संकासुर येऊन टवाळी करणार. जर्मनीची बातमी संकासुराच्याच तोंडून फोडा. "आज आमी खंय चललंव? जर्मनीक! थंय नारळ गावचे नाय, पण भांडणां होई तेवढी गावतली." एवढं झालं की प्रेक्षक सावरून बसतो. पुढे सूत्रधाराने हेन्रीचं नाव घेतलं तर कोणी दचकत नाही.

पोशाखाबद्दल माझं मत पक्कं आहे. पुठ्ठ्याचं चिलखत आणि शिंगांची टोपी करत बसू नका. स्पर्धेत असला एक प्रयोग मी पाहिला; तलवारीच्या दुसऱ्या गिरकीला चिलखताची बाही सुटली आणि पुढचं सगळं हसण्यावारी गेलं. आपलाच जरीचा अंगरखा, आपलाच मुकुट, आपलाच रंग. फरक दोनच. बादशहाला तांबडी दाढी लावा, कारण फ्रेडरिक बार्बारोसा तांबड्या दाढीसाठीच ओळखला जाई. आणि हेन्रीच्या बाजूला सिंह हवा. ब्राउनश्वाइगला आपल्या वाड्यासमोर त्याने साधारण 1166 साली काशाचा सिंह उभा केला. वजन 880 किलो, उंची माणसाएवढी. तो आजही शाबूत आहे. चौकात आता प्रतिकृती असते आणि मूळ सिंह वाड्यात ठेवलेला आहे. रंगमंचावर एखाद्या पोराला सिंहाचा मुखवटा घालून बाकड्याच्या, म्हणजे आपल्या सिंहासनाच्या, उजव्या बाजूला उभं करा. त्याने हलायचं नाही, गुरगुरायचं नाही. दर प्रवेशाला पोरगं बदललं तरी चालेल, पाय अवघडतात.

आता खरी अडचण. आपल्याकडे छापील संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता कथा सांगायची, पार्ट वाटायचे, पुढे ज्याचं त्याने बोलायचं. कंस कोण, कृष्ण कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून पुराणात हे निभतं. इथे नटालाच काही ठाऊक नसतं. मग तो सुचेल ते बोलतो आणि हेन्रीचा दुर्योधन होतो, बादशहाचा धर्मराज. म्हणून संवाद पाठ करून घेऊ नका, पण प्रत्येक पार्टाला दोन-तीन गोष्टी अशा द्या की त्या त्याने कुठल्याही परिस्थितीत बोलल्याच पाहिजेत. बाकी त्याला मोकळा सोडा.

पहिली गोष्ट नात्याची. बादशहाची आई युडिथ आणि हेन्रीचा बाप ही सख्खी भावंडं. म्हणजे बादशहा हेन्रीचा आतेभाऊ, हेन्री बादशहाचा मामेभाऊ. हे पहिल्याच प्रवेशात एकमेकांना हाक मारताना येऊ द्या. हेन्री बादशहाला दरबारात "महाराज" म्हणेल, दोघंच असताना "दादा" म्हणेल. ही एक हाक नीट सांभाळली तर शेवटपर्यंत काम देते.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ही राजपार्ट करणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. हेन्रीकडे दोन तऱ्हेची मालमत्ता होती. सॅक्सनी आणि बव्हेरिया हे प्रांत बादशहाकडून मिळालेले, म्हणजे आपल्याकडच्या इनामासारखे. सेवा चुकली तर सरकारजमा. ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गकडची जमीन मात्र वडिलोपार्जित, घरची. ती बादशहालाही सहजी काढून घेता येत नव्हती. शेवटी गेलं ते इनाम, राहिलं ते घरचं. एकदा नटाला हे कळलं की तो दरबारात छाती काढून का उभा आहे तेही कळतं.

बालपण सूत्रधाराने पदाच्या दोन कडव्यांत उरकावं. 1138 मध्ये नव्या राजाने हेन्रीच्या बापाचे प्रांत काढून घेतले, 1139 मध्ये बाप गेला, पोर लहान. 1142 मध्ये सॅक्सनी परत मिळालं. 1152 मध्ये फ्रेडरिक राजा झाला, हेन्री त्याच्या पाठीशी होता. 1155 मध्ये रोमला फ्रेडरिकच्या डोक्यावर बादशाही मुकुट चढला त्याच दिवशी शहरात दंगल उसळली, ती मोडताना हेन्री पुढे होता. 1156 मध्ये बव्हेरियाही पदरात पडलं. बापाचं गेलेलं सगळं पोराने परत मिळवलं. इथे पखवाजाला एक दणदणीत तुकडा वाजवू द्या आणि पुढे चला.

मिठाचा प्रवेश घ्या. तो मला फार आवडतो, आणि वेंगुर्ला-शिरोड्याकडे प्रयोग असेल तर मिठाचं मोल समजावून सांगावं लागत नाही. इझार नदीवर फ्राइझिंगच्या बिशपचा पूल होता. मिठाच्या गाड्या त्यावरून जायच्या आणि जकात बिशपला मिळायची. हेन्रीने तो पूल मोडला आणि थोडं वर आपल्या हद्दीत नवा पूल, नवा बाजार बसवला. तंटा बादशहाकडे गेला. 14 जून 1158 रोजी आउग्सबुर्गला निवाडा झाला: बाजार हेन्रीच्या जागीच राहील, उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला द्यावा. त्या बाजाराचं पुढे म्युनिक शहर झालं आणि निवाड्याची तारीख तिथे शहराचा वाढदिवस म्हणून पाळतात. प्रवेशात बिशप विनोदी पार्टाकडे द्या. बाकडं आडवं टाकलं की पूल झाला. दोन गाडीवान, एक जकातदार, आणि हेन्री येऊन बाकडं उचलून दुसरीकडे ठेवतो. हशा हमखास. पण हसता हसता प्रेक्षकाला एक गोष्ट कळते: त्या वेळी बादशहाने मामेभावाला झुकतं माप दिलं होतं.

ल्युबेकबद्दल एकच वाक्य पुरे. बाल्टिक समुद्राजवळचं हे बंदर होल्श्टाइनच्या काउंटने वसवलं होतं. 1157 मध्ये ते जळालं, हेन्रीने काउंटला ते सोडायला लावलं आणि 1159 मध्ये नव्याने उभं केलं.

त्याला साधू करू नका, हेही इथेच सांगतो. पूर्वेकडच्या स्लाव लोकांवर त्याने वर्षानुवर्षं स्वाऱ्या केल्या. त्यांचा सरदार निक्लोट 1160 मध्ये मारला गेला. पुढे 1167 मध्ये त्याच्याच पोराला, प्रिबिस्लावला, बरीचशी जमीन परत दिली, पण मांडलिक म्हणून. चर्चचे लोक आणि शेजारचे सरदार त्याच्या धाकाने वैतागलेले होते. हे दाखवलं नाही तर पुढे सगळे त्याच्याविरुद्ध एक का झाले हे कळत नाही. तरीही पार्ट राजपार्टवाल्याचाच. खलपार्टवाल्याकडे दिलात तर तो पहिल्या आरोळीतच नाटक संपवेल.

लग्नाचा प्रवेश टाळा. 1168 मध्ये इंग्लंडच्या राजाची मुलगी मटिल्डा त्याला दिली तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती, हा तिच्या दुप्पट वयाच्याही पुढचा. हल्लीच्या प्रेक्षकापुढे शृंगाराचं पद म्हणायची ही जागा नव्हे. मटिल्डाचं काम शेवटाकडे आहे.

आता कियाव्हेन्ना. आल्प्सच्या पायथ्याचं इटलीतलं गाव, 1176 चा सुरुवातीचा काळ. बादशहाचं इटलीतल्या शहरांशी युद्ध चाललं आहे, सैन्य कमी पडतंय. तो मामेभावाला बोलावतो आणि मदत मागतो. हेन्री म्हणतो, बदल्यात गोस्लार द्या. गोस्लार म्हणजे चांदीच्या खाणींचं शहर. बादशहा नाही म्हणतो. मग, नंतरच्या बखरी सांगतात, बादशहाने त्याच्यापुढे गुडघे टेकले.

गुडघे टेकल्याचं लिहिणारे सगळे पुढच्या काळातले आहेत, आणि अनेक इतिहासकार त्यावर भुवया उंचावतात. फळ्यावर मी ते तसंच सांगायचो. रंगमंचावर मात्र घ्या, पण सूत्रधाराने "असं सांगतात" म्हणूनच घ्या. कारण दशावतारात मुकुट घातलेला राजा दुसऱ्या राजापुढे गुडघा टेकत नाही. मरेल, पळेल, शाप खाईल, पण गुडघा नाही. प्रेक्षकाने असं कधी पाहिलेलं नसतं.

हा प्रवेश असा बांधा. बाकडं काढून टाका, दोघंही उभे. बादशहाने आधी हुकूम करावा, मग हिशोब सांगावा, मग नातं काढावं, या क्रमाने. नातं काढताना रोमची दंगल आठवून द्यावी, मिठाचा निवाडा आठवून द्यावा. हेन्रीने प्रत्येकाला एकच उत्तर द्यावं, "गोस्लार". दुसरा शब्द नाही. आपल्या नटांना हे फार जड जातं, दहा मिनिटं बोलायची सवय असते. तालमीत आठवण करत राहा. बादशहा खाली बसला की पायपेटी बंद, झांज बंद. मी स्वतः अशा वेळी भात्यावरचे पायसुद्धा काढून घेतो, नाहीतर पेटी सुस्कारते. मग दोन लहान पार्ट आहेत. हेन्रीचा कारभारी योर्डान त्याच्या कानाशी लागतो: मुकुट पायाशी आलाय, येऊ द्या, उद्या डोक्यावर येईल. आणि बादशाहीण बिआट्रिक्स पुढे होऊन नवऱ्याला उठवते, हा दिवस विसरू नका म्हणते. दोन्ही जुन्या गोष्टीतलेच. स्त्रीपार्टवाल्याला सांगा, रडायचं नाही. हात धरून उठवायचं, अंगरख्याची धूळ झटकायची, आणि हेन्रीकडे न बघता जायचं.

29 मे 1176 रोजी लेन्यानोला बादशहा हरला. सूत्रधाराने सांगावं, लढाई दाखवू नका, तलवारी पुढे लागणार आहेत.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात: नकार दिला, बादशहा चिडला, शिक्षा झाली. तसं झालं नाही, आणि मला विचाराल तर आख्यानाचा कणा पुढेच आहे. हेन्रीवर खटला चालला तो शेजारच्या सरदारांनी आणि बिशपांनी केलेल्या तक्रारींवर. कोलोनचा आर्चबिशप फिलिप त्यात पुढे होता. 1179 च्या जानेवारीत वोर्म्सला बोलावलं, आला नाही. जूनमध्ये माग्देबुर्गला बोलावलं, आला नाही. तिथे डीट्रिख नावाच्या सरदाराने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. ऑगस्टमध्ये कायनाला बोलावलं, आला नाही. त्याला बहिष्कृत ठरवलं. जानेवारी 1180 मध्ये वुर्त्सबुर्गला दोन्ही प्रांत काढून घेतले. 13 एप्रिल 1180 च्या गेल्नहाउझेनच्या सनदेत कारणं लिहिली आहेत: चर्च आणि सरदारांवर जुलूम, बोलावूनही न येणं, बादशहाचा अवमान. कियाव्हेन्नाचं नावही नाही.

हे रंगवायला सोपं आहे. रिकामं बाकडं मध्ये. चोपदार येतो, पुकारा करतो: "हेन्री, सॅक्सनी आणि बव्हेरियाचे ड्यूक, हाजिर हो!" झांजेचा एक ठोका. कोणी नाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मधल्या वेळात दुसऱ्या बाजूला हेन्री आपल्या सिंहाशेजारी उभा आहे आणि चोपदाराचा आवाज त्याला ऐकू येतोय. पहिल्या वेळी तो हसतो. दुसऱ्या वेळी तो बादशहाला एकांतात भेटतो. ही भेट ल्युबेकच्या अर्नोल्डने आपल्या बखरीत लिहिली आहे: बादशहा म्हणाला, पाच हजार मार्क दे, मी मध्ये पडतो, हेन्रीला रक्कम जास्त वाटली. इथे "दादा" ही हाक पुन्हा येऊ द्या, आणि बादशहाने "सरकारात बोला" म्हणावं. तिसऱ्या पुकाऱ्याला हेन्री एक पाऊल टाकतो आणि थांबतो. का थांबतो ते नटाने आपल्या मनाने ठरवावं. मी कोणाला सांगत नाही. एका पोराने तिथे माका बोलावचो हक्कच नाय तुमका, असं मालवणीतच बोलून टाकलं होतं, आणि ते बरं वाटलं.

मग लढाई. पखवाजवाला केव्हाचा ताटकळला असतो. 1180 च्या मे महिन्यात वाइसेनझेला हेन्रीने थुरिंगियाच्या लुडविगला हरवून कैद केलं. म्हणजे निकाल विरुद्ध गेल्यावरही तो रणात जिंकत होता. तलवारबाजी इथे मनसोक्त होऊ द्या, चार फेऱ्या, गिरक्या, सगळं. त्यानंतर मात्र एकही वार नको. त्याचेच लोक एकेक करून बादशहाकडे गेले. तलवार खाली ठेवून जाणारे चार-पाच नट पुरे, जाताना प्रत्येकाने सिंहाला नमस्कार करावा. 1181 च्या ऑगस्टमध्ये ल्युबेकनेही दरवाजे उघडले.

बार्डोविकची गोष्ट विनोदी पार्टवाल्यांना आधी कळू देऊ नका, नाहीतर ते दुसरं काही करणारच नाहीत. दंतकथा अशी: पदच्युत हेन्री या गावाच्या वेशीवर आला तेव्हा लोकांनी दार उघडलं नाही, वर तटावरून पाठ फिरवून उघडे कुल्ले दाखवले. धोतर सोडायची गरज नाही, पाठ करून वाकलं तरी लोकांना कळतं. पुढच्या रांगेत आयाबाया बसलेल्या असतात. दोन मिनिटं, बस. 28 ऑक्टोबर 1189 रोजी परत आलेल्या हेन्रीने ते गाव उद्ध्वस्त केलं, हा मात्र इतिहास. त्यासाठी वेगळा प्रवेश नको. हसू चालू असतानाच सूत्रधाराने तारीख आणि बातमी सांगावी.

नोव्हेंबर 1181, एर्फुर्ट. कियाव्हेन्नाचीच मांडणी, बाकडं नाही. या वेळी खाली पडतो तो हेन्री. बादशहा त्याला उठवतो, मिठी मारतो. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं असं अर्नोल्ड लिहितो, आणि बादशहाचे अश्रू खरे होते का अशी शंकाही घेतो. नटांनी ही शंका ठेवावी. शिक्षा: देशाबाहेर जा. घरची जमीन तेवढी ठेव.

इथे मटिल्डा. हद्दपारी म्हणजे तिचं माहेर. 1182 ते 1185 जावईबापू सासुरवाडीला. प्रेक्षक हसणार, हसू द्या. विंचेस्टरला 1184 मध्ये त्यांना विल्यम नावाचा मुलगा झाला. 1189 मध्ये बादशहा धर्मयुद्धावर निघाला तेव्हा हेन्रीला पुन्हा देश सोडावा लागला आणि तो बाहेर असतानाच मटिल्डा ब्राउनश्वाइगला वारली. तिच्या जाण्याचं पद हवं असेल तर पायपेटीवर जोगिया घ्या, भैरवी राखून ठेवा.

बाकी सूत्रधाराकडे. बादशहा 1190 मध्ये नदीत बुडाला. हेन्री 6 ऑगस्ट 1195 रोजी ब्राउनश्वाइगला आपल्या घरी वारला, मटिल्डाशेजारी त्याला पुरलं. त्याचा मुलगा ओटो 1209 मध्ये बादशहा झाला. विंचेस्टरला जन्मलेल्या विल्यमच्या वंशातला जॉर्ज 1714 मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला आणि व्हिक्टोरिया राणी त्याच घराण्यातली. आजीच्या पेटीत व्हिक्टोरियाचा रुपया असलेली घरं आपल्याकडे अजून आहेत. त्यांना हे ऐकायला मजा येते.

ट्रिकसीनचा, म्हणजे चमत्काराच्या देखाव्याचा, हट्ट कोणीतरी धरणारच. दंतकथेत हेन्री अजगरासारख्या राक्षसाशी झुंजणाऱ्या सिंहाला वाचवतो आणि सिंह जन्मभर त्याच्या मागे राहतो. ब्राउनश्वाइगच्या चर्चच्या दारावरचे ओरखडे त्याच सिंहाच्या पंजाचे म्हणून दाखवतात. धूर, दिवे, सगळी हौस भागेल. घ्यायचंच तर ल्युबेकच्या आधी घ्या, कियाव्हेन्नानंतर अजिबात नको.

पूर्ण आख्यान तीन तासांत बसतं. स्पर्धेत दीड तास मिळाला तर अजगर, बार्डोविक आणि ल्युबेक काढा. अजून कमी करायचं झालं तर मीठही जाऊ द्या, बिशप करणारा रुसेल, त्याला चोपदार करा. तिन्ही पुकारे मात्र तसेच ठेवा आणि परीक्षकांच्या टेबलावर आधीच चिठ्ठी देऊन ठेवा की बाकडं मुद्दाम रिकामं आहे, नट उशिरा आलेला नाही.